दौतीचे पूर्वाभिमुख प्रयाण

१ जानेवारी १९७८, रविवार. पवनी.

स्वस्ति. सकल-खडूचूर्ण-विभूषित, इयत्ता सातवी ‘ब’ या अष्टेचाळीस-मस्तक-मंडित साम्राज्याचे एकछत्री अधिपती, वैनगंगा-तीर-निवासी, वेतनवाढ-प्रतीक्षा-तपस्वी, सायकल-विहीन पदाति-प्रवर, बहिःस्थ-परीक्षार्थि-कुल-ज्येष्ठ, तालुका वक्तृत्वस्पर्धेचे सलग सहा वर्षे परीक्षक आणि एकदा (स्पर्धक न आल्यामुळे) विजेते, श्रीमान जागेश्वर हेडाऊ गुरुजी, वय वर्षे सेहेचाळीस, यांच्या दैनंदिनीस आज प्रातःकाळी, चहा निवत असताना, आरंभ होत आहे. प्रजाजनांनी उभे राहण्याची आवश्यकता नाही. प्रजाजन, म्हणजे सौ. मंदाबाई, चुलीपाशी बसलेल्या आहेत आणि उठण्याचा त्यांचा विचारही दिसत नाही.

आरंभाचे कारण असे. येत्या एप्रिलात मी नागपूरला एम. ए.च्या परीक्षेस बाहेरून बसत आहे. विषयांत समाजमानसशास्त्र आहे. टपालाने येणाऱ्या टिपणांच्या पहिल्याच पानावर आज्ञा आहे की, विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील गटवर्तनाची निरीक्षणे नियमित लिहून ठेवावीत. परिसर आहे. गट आहे. वर्तन तर विपुल आहे. निरीक्षकाचीच काय ती उणीव होती, ती आज दूर झाली.

निरीक्षकाच्या आसनाविषयी दोन शब्द. माझे टेबल पूर्वीपासून सामाईक भिंतीला लागून आहे. भिंतीपलीकडे धाकटा बंधू चंद्रभान याचे घर आणि त्याचा हातमाग. वडिलांनी मला मास्तर होण्यास नॉर्मल स्कुलात धाडले आणि त्याला मागावर बसवले. एका मागावर दोघे बसू शकत नाहीत, एवढेच त्याचे कारण. मागाच्या प्रत्येक ठोक्यासरशी माझी शाईची दौत टेबलावर केसभर पूर्वेकडे सरके आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत कडेला पोहोचे. मी सोळा वर्षे भिंतीवर मुठी आपटून “चंद्रभान, हळू” म्हणून ओरडत आलो. तो पलीकडून म्हणे, “दादा, टेबल तिकडच्या भिंतीले लाव ना.” मी प्रकाशाच्या दिशेचे कारण सांगत असे.

आता दौत जागच्या जागी आहे. आज सत्तर दिवस झाले. अभ्यासास परिस्थिती अत्यंत अनुकूल आहे.

८ जानेवारी, रविवार.

आज नंदलाल बपेऱ्याहून आला. हा चंद्रभानच्या पत्नीचा, रुखमाचा, भाऊ. येण्याचे प्रयोजन स्पष्ट होते. विणकर सोसायटीचा नियम आहे की, सभासदाचा माग सहा महिने बंद राहिला तर त्याचे नाव कमी होते आणि त्याच्या वाट्याचे सूत दुसऱ्यास मिळते. चंद्रभान गेला तेवीस ऑक्टोबरला. म्हणजे तेवीस एप्रिलला माग केवळ लाकूड होणार.

“एकटी बाई इथं राहून का करन, गुरुजी?” नंदलाल म्हणाला. “माग विकून टाका. मी घेऊन जातो तिले. आमच्या घरी पडली राहीन एका कोपऱ्यात.”

‘पडली राहीन’ हे क्रियापद ऐकून दाराआडची बांगडी वाजली. येथे खुलासा आवश्यक आहे. मी रुखमाचा भासरा, म्हणजे पतीचा ज्येष्ठ बंधू. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर येत नाही. तेरा वर्षांत तिच्या मुखातून एक संपूर्ण वाक्य माझ्या कानी पडलेले नाही. मीही खाकरल्यावाचून तिकडे पाऊल टाकत नाही, आणि मागाच्या खोलीत तर वडील गेल्यापासून गेलेलो नाही. उभयपक्षी दळणवळण मंदाबाईंमार्फत चालते. त्या आमच्या घरची आकाशवाणी आहेत. फरक इतकाच की बंद करता येत नाहीत.

मंदाबाई दाराआड गेल्या, परत आल्या आणि प्रक्षेपण केले, “ते म्हणते का, मी नाही जात. माग मी चालवतो म्हणते.”

नंदलाल हसला. मी हसलो नाही, कारण मी विद्वान आहे. परंतु थक्क झालो. आमच्या मोहल्ल्यात बाया रहाटावर सुताच्या कांड्या भरतात, उभ्या धाग्यांचा ताणा करतात, सुताला खळ लावतात. एक मागच काय तो त्यांना वर्ज्य. मागाखालच्या खड्ड्यात बाईने पाय सोडू नयेत, असा दंडक आहे. का, ते कोणालाही ठाऊक नाही, आणि त्यामुळे दंडक फार बळकट आहे.

शिवाय विणणे हे येऱ्यागबाळ्याचे काम नव्हे. चंद्रभान शेवटली दोन वर्षे दम्याने अगदी खंगला होता. तरी त्याचे कापड एका वाराने घटले नाही. उलट, पूर्वी तीन ठोक्यांनंतर तो किंचित थांबे, तो विरामही नाहीसा होऊन ठोका एकसारखा झाला आणि दौत अधिक वेगाने सरकू लागली. याला इच्छाशक्ती म्हणतात. थोडा वाटा वैद्यांच्या काढ्याचाही असावा.

१५ जानेवारी, रविवार.

आठवडाभर बावीस घरे फिरलो. प्रत्येक कर्त्या पुरुषाला एकांतात एकच प्रश्न विचारला : रुखमाने माग चालवला तर तुमची हरकत आहे काय?

शेजारचे तुलाराम खळीचे हात पुसत म्हणाले, “माझं काही नाही, गुरुजी. पोटाचा सवाल हाय. पण पुंडलिकराव आयकनार नाही. ते सोसायटीचे अध्यक्ष, जुन्या वळणाचे.”

पुंडलिकरावांनी मला पान दिले. “माझं का जाते? बसू द्या. पण तुमचा तो तुलाराम हाय ना, तो बोंब मारन मोहल्लाभर.”

श्यामरावांना काही वर्षांपासून डोळ्यांनी फारच कमी दिसते. त्यांनी तर दार लावून घेतले, मग म्हणाले, “माझी हरकत काहून राहीन? पण लोक का म्हणतीन?”

बावीसपैकी एकोणीस जणांना हरकत नाही, आणि एकोणीसच्या एकोणीस जणांना खात्री आहे की इतर सर्वांना आहे. टिपणांत याला सामूहिक अज्ञान म्हटले आहे : प्रत्येक जण मनात एक बाळगतो, इतरांच्या तोंडाकडे पाहून दुसरेच खरे मानतो आणि अशा रीतीने सगळे मिळून कोणालाच नको असलेली गोष्ट जतन करतात. हा सिद्धान्त परदेशात मांडला गेला असला तरी तो आमच्या मोहल्ल्यात बसूनच लिहिला असावा, अशी शंका येते.

माझ्या उरात जे भरून आले, त्याला अभिमान हा शब्द अपुरा आहे. उपाय सुस्पष्ट आहे. सर्वांना एकत्र बसवावे, हात वर करून मत घ्यावे. अज्ञानाचा पडदा आपोआप गळेल. पुढील रविवारी सभा ठरवली.

मंदाबाई भाकरी थापत म्हणाल्या, “विचारून नका राहू लोकायले. विचारलं का त्यायले उत्तर द्यावं लागते.”

अशास्त्रीय विधान. नोंद केवळ पूर्णतेसाठी.

२२ जानेवारी, रविवार.

सभा सोसायटीच्या ओसरीवर झाली. उपस्थिती पूर्ण. मी प्रास्ताविकात मानवी समूहाच्या उत्क्रांतीचा आढावा घेतला. तो थोडा लांबला. नंतर पुंडलिकराव म्हणाले, “तं मंग, ज्यायची हरकत नाही त्यायनं हात वर करा.”

पुंडलिकरावांनी तुलारामांकडे पाहिले. तुलारामांनी पुंडलिकरावांकडे पाहिले. श्यामरावांना दिसत नाही. त्यांनी सर्व दिशांना पाहिले. हात वर झाला नाही. एकही नाही.

“ठीक,” पुंडलिकराव म्हणाले, आणि त्यांनाच वाईट वाटल्यासारखे दिसले.

माझ्या हाताविषयी : निरीक्षकाने प्रयोगात स्वतः सहभागी होऊ नये, या शास्त्रीय दंडकास अनुसरून तो खालीच ठेवण्यात आला.

२३ जानेवारी, सोमवार.

कालची नोंद वाचली. ‘शास्त्रीय दंडक’ टिपणांच्या कोणत्या पानावर आहे ते शोधले. सापडला नाही.

मंदाबाईंनी ताट वाढताना एवढेच विचारले, “हात दुखत होता का काल?”

४ फेब्रुवारी, शनिवार.

एक विलक्षण घटना. सकाळी शाळेस जाताना मी दौत टेबलाच्या मध्यभागी, एका जुन्या डागावर ठेवली होती. सायंकाळी ती डागाच्या पूर्वेस दोन बोटे होती.

“मंदाबाई, टेबलाला कोणी हात लावला?”

“उंदीर असन.”

उंदरास एवढा दिशाबोध असावा, हे आश्चर्यच. मी भिंतीला कान लावला. पलीकडे शांतता होती. ती कोणीतरी श्वास रोखून बसल्यासारखी शांतता होती, परंतु हे माझे साहित्य झाले, निरीक्षण नव्हे.

७ फेब्रुवारी, मंगळवार.

तुलाराम वाटेत भेटले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “हात बसला गुरुजी तुमचा. एवढ्या वर्सानं बसले, पण काठ कसा सरळ निंगून राहिला. बापाचं रक्त हाय शेवटी.”

मी आभार मानले. कशाबद्दल, हे घरी येऊन विचारले.

“मीच सांगतलं विहिरीवर,” मंदाबाई म्हणाल्या, “का आमचे हे भावाचा माग चालवून राहिले म्हणून.”

“पण मला धोटा कोणत्या हातात धरतात, तेदेखील ठाऊक नाही.”

“ते काही मी सांगतलं नाही.”

तात्पर्य : रुखमा विणते आहे आणि मोहल्ल्याच्या लेखी मी विणतो आहे. व्यवस्था अशी ठरली की, मी सकाळी शाळेपूर्वी आणि सायंकाळी शाळेनंतर मागाच्या खोलीत जाऊन बसायचे; मधे जुन्या लुगड्याचा पडदा; पडद्यापलीकडे ती माग चालवणार, अलीकडे मी भिंतीकडे तोंड करून टिपणे पाठ करणार. मी शाळेत असताना माग बंद. मी या कपटास तीव्र तात्त्विक विरोध नोंदवला आणि सायंकाळी पाच वाजता जाऊन बसलो.

१९ फेब्रुवारी, रविवार.

अभ्यास उत्तम चालला आहे. मागाच्या ठोक्यात एक गुण आहे, पाठांतर त्यावर चालीत बसते. सध्या रेघांचा प्रयोग घोकतो आहे. एका खोलीत आठ जण. समोर लहान-मोठ्या रेघा. सात जणांना आधीच पढवलेले, ते आखूड रेघेला लांब म्हणतात. आठवा अजाण, त्याला डोळ्यांनी स्पष्ट दिसते, तरी कित्येकदा तोही सातांच्या मागे जातो. मात्र त्या सातांतील एकाने जरी खरे उच्चारले, तरी आठव्याला कंठ फुटतो. ‘एकाने जरी खरे उच्चारले तरी’ हे वाक्य मी मोठ्याने वीस वेळा म्हटले, कारण ते परीक्षेत हमखास येते.

विसाव्या वेळी पडद्यापलीकडचा माग थांबला होता. बहुधा धागा तुटला असावा.

२६ फेब्रुवारी, रविवार.

काल विधानसभेचे मतदान. आमच्या शाळेत केंद्र होते आणि मी तेथे अधिकारी. दिवसभर पुठ्ठ्याच्या आडोशामागे जाणारी माणसे पाहिली. पुंडलिकरावांसारखा भारदस्त माणूसदेखील आडोशामागे शिरताना एखाद्या चुकार विद्यार्थ्यासारखा दिसतो, आणि बाहेर येताना पुन्हा अध्यक्ष होतो. बावीस जानेवारीच्या सभेला असा एक पुठ्ठा असता तर? ही कल्पना मला एक महिना उशिरा सुचली. शास्त्रज्ञांना बहुधा अशाच सुचतात.

दरम्यान माझ्या विणकामाची कीर्ती वाढत आहे. सोसायटीत धोतरजोडीचा काठ हातोहात फिरला. मी “साधना” एवढेच म्हणालो. स्तुती नाकारणे हा अविनय ठरला असता. तुलारामांना मी खळ किती पातळ असावी, याविषयी दोन सूचनाही केल्या. त्यांनी त्या फार गंभीरपणे ऐकल्या आणि मग त्यांना बराच वेळ खोकला आला.

१९ मार्च, रविवार.

पुंडलिकराव स्वतः घरी आले. माग सुरू आहे, त्यामुळे सूत थांबणार नाही. आता नाव बदलण्याचे काय ते उरले. दोन एप्रिलला सभासद-पत्रकात चंद्रभानच्या जागी माझे नाव लिहावे, असा त्यांचा प्रस्ताव. “तुमीच चालवता ना,” ते म्हणाले, आणि पानाचा विडा जरा जास्तच मन लावून बांधू लागले.

हेडाऊ कुळातील पहिला पदवीधर विणकर.

आकाशवाणी दाराआड गेली, आली. या वेळी आवाज निराळा होता.

“ते म्हणते का, होऊ द्या त्यायच्या नावावर. नंदलालले चिठ्ठी लिहा म्हणते. मी बपेऱ्याले जातो म्हणते.”

“परंतु का? माग तर घरातच राहतो. विणायचे तिनेच आहे.”

मंदाबाईंनी माझ्याकडे, सातवी ‘ब’ मध्ये तिसऱ्यांदा बसलेल्या विद्यार्थ्याकडे मी पाहतो तसे पाहिले. “मंग तिथं कोपरा, अना इथंबी कोपराच ना,” त्या म्हणाल्या.

तर्क नीटसा उलगडला नाही. विचार करीत आहे.

२१ मार्च, मंगळवार.

आज प्रयोग केला. रुखमा नदीवर गेली असता मी मागावर बसलो. खड्ड्यात पाय सोडले. धोटा फेकला. त्याने काय केले ते मी सांगू शकत नाही. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ताण्याचे चाळीस-पन्नास धागे तुटून लोंबत होते.

ती परत आली. मी पडद्याअलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. टिपण उलटे धरले होते. मग पलीकडून गाठी मारण्याचा आवाज, म्हणजे आवाज नव्हेच, नुसती बांगड्यांची हालचाल. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ती गाठी मारीत होती. शाळेला मला उशीर झाला, कारण उठून जाणे शक्य झाले नाही. तक्रार आली नाही. मंदाबाईंमार्फतसुद्धा नाही.

गेला दीड महिना जी स्तुती मी ‘साधना’ म्हणून स्वीकारली, तिचे वस्त्र माझ्या अंगावरचे नव्हते. एवढे स्पष्ट वाक्य या वहीत प्रथमच लिहितो आहे. खोडणार नाही.

२ एप्रिल, रविवार.

सविस्तर लिहितो.

ओसरीवर सगळे जमले होते. चंद्रभानचे घर तेथून तिसरे. नंदलाल सकाळीच बपेऱ्याहून भाड्याची बैलगाडी घेऊन आला होता आणि गाडी दाराशी उभी होती. पुंडलिकरावांनी पत्रक उघडले, चंद्रभानच्या नावावर रेघ ओढली आणि लेखणी माझ्यापुढे धरली. “इथं सही करा, गुरुजी.”

मी लेखणी घेतली. आणि त्याच क्षणी, योगायोग असा की, माग सुरू झाला.

खटाक, खटाक, खटाक. तिसऱ्या घरातून, भर दुपारी, मोकळ्या हवेत, एकसारखा. मी येथे ओसरीवर, हाती लेखणी. आणि माझा माग तेथे चालतो आहे. मी येथे असताना माग बंद ठेवायचा, एवढी साधी शिस्त नेमकी आजच तिच्या ध्यानातून जावी, हे दुर्दैव.

बावीस माणसे. प्रत्येकाने आवाज ऐकला. विणकर आवाजावरून माग ओळखतो, मागावरून माणूस ओळखतो. बावीसही जणांनी माना खाली घातल्या. तुलाराम पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले.

“उंदीर असन,” पुंडलिकराव हळूच म्हणाले.

ते दयेने म्हणाले. मला वाट करून देत होते. सही केली असती तर सर्वांनी मिळून त्या आवाजाला आयुष्यभर उंदीर म्हटले असते.

माझ्या शरीरात या वेळी काय घडले, त्याचे वर्णन शास्त्रीय भाषेत असे : कानात ठोके. ते ठोके मागाचे की माझे, हे सांगता येत नाही. मग माझा उजवा हात वर गेला. सभेत कोणी काही विचारलेले नव्हते. सातवीतल्या पोरासारखा मी हात वर करून उभा राहिलो.

“बोला, गुरुजी,” पुंडलिकराव म्हणाले.

“माग रुखमा चालवते,” मी म्हणालो. “मले सूत ओवता येत नाही. नाव तिचं लिहा.”

भाषासुद्धा घरचीच आली. व्याकरणाचे सर्व अलंकार त्या घटकेस कोठे गेले होते, देव जाणे.

माग चालूच होता. नंतर तुलाराम म्हणाले, “हे आमाले मालूम हाय, गुरुजी. तुमच्या हातचा काठ असा सरळ कायचा निंगते?”

कोणीतरी हसले. मग बरेच जण. नंतर श्यामराव उभे राहिले, कोणाकडे तोंड करावे हे न कळून खांबाकडे तोंड करून म्हणाले, “माझ्या घरी माझी बायकोच बसते. डोळे गेल्यापासून. चार वर्सं झाले. दार लावून बसते.”

“माझी सून बसते,” मागून कोणी म्हणाले.

पुंडलिकरावांनी लेखणी माझ्या हातून परत घेतली. “माझा बाप बिमार पडला होता,” ते म्हणाले. “माय बसली होती मागावर. मी दाराशी राखण बसो, कोनी आलं का खोकलत जाओ.” त्यांनी पत्रक स्वतःकडे वळवले आणि मोठ्या अक्षरात लिहिले : रुखमाबाई चंद्रभान हेडाऊ.

मी विद्वानाच्या निष्काळजीपणे तुलारामांना म्हणालो, “दोन महिन्यांत ती इतकी तरबेज झाली, हे कौतुकास्पद.”

“दोन महिने?” तुलाराम म्हणाले. “गुरुजी, चंद्रभान दोन वर्सं खाटेवर होता. माग एक दिवस बंद होता का?”

घरी येऊन टेबलाशी बसलो. काही वाचले नाही. शेवटली दोन वर्षे मी भिंतीवर मुठी आपटून “चंद्रभान, हळू” म्हणत होतो आणि पलीकडे ठोका खरोखर हळू होत असे. उत्तर मात्र येत नसे. मी समजत होतो, त्याला दम लागला आहे.

९ एप्रिल, रविवार.

नंदलालची गाडी रिकामी परतली. रिकामी नव्हे, मंदाबाईंनी तीत दोन पायली तांदूळ घातले. श्यामरावांच्या घराचे दार आता उघडे असते. सोसायटीच्या सूचना-फलकावर बायकांतले पहिले नाव लागले; मी ते तीन वेळा वाचून आलो. चौथ्या वेळी तुलाराम म्हणाले, “पाठ झालं असन आतापर्यंत.” होय. मला अभिमान वाटतो, आणि या वेळी तो कोणाकडून उसना आणलेला नाही. हात माझा होता. उशिरा का होईना, वर गेला.

मोहल्ल्याच्या उद्धारास माझी टिपणे कारणीभूत झाली, हे मी मंदाबाईंना नम्रपणे सांगितले. त्या म्हणाल्या, “झालीच ना. तुमचं घोकनं आयकून आयकून तिले सारं पाठ झालं. ते, एकानं खरं सांगतलं का बाकीचे बोलते, ते तं ती कांड्या भरताबी म्हणते.”

मोठ्याने वाचन करण्याचे असे अनपेक्षित लाभ होतात.

पडदा अद्याप आहे, तो राहील. परंतु आज संध्याकाळी मी अंगणात खाकरलो, तेव्हा पलीकडच्या दारातून, आकाशवाणीच्या साहाय्यावाचून, डोक्यावरचा पदर सावरीत एक आवाज आला.

“दौत पडते का जी तुमची? हळू मारू का?”

तेरा वर्षांतले पहिले संपूर्ण वाक्य. प्रश्नार्थक आणि निर्दोष.

“नाही, नाही,” मी म्हणालो. “दौतीला काही होत नाही. मारा.”

१६ एप्रिल, रविवार.

परीक्षेस नऊ दिवस उरले आहेत. आज दुपारी साडेतीन वाजता दौत पूर्वेकडील कडेवरून खाली गेली. या महिन्यातील तिसरी. निळी शाई नवीन धोतरावर (रुखमाच्या नावाने सोसायटीत जमा झालेल्या पहिल्या जोडीतले), उजव्या पायातील वहाणेवर आणि टिपणांतील नेमक्या रेघांच्या प्रयोगावर सांडली. आता तेथे सर्व रेघा सारख्याच लांबीच्या दिसतात.

मंदाबाई म्हणतात, टेबल दुसऱ्या भिंतीला लावा. प्रकाशाच्या दृष्टीने ते सर्वथा अशक्य आहे.

टेबलाच्या कडेला एक बोट उंचीची पट्टी ठोकून देण्यास टिकाराम सुतारांना सांगून आज एकवीस दिवस झाले. काम पाच मिनिटांचे. चार खिळे. ते प्रत्येक वेळी म्हणतात, “सोमवारी येतो, गुरुजी.” काल मी त्यांना भर बाजारात गाठून विचारले, कोणत्या सोमवारी? ते म्हणाले, “येनाऱ्या. सोमवार का पळून चालला?” उद्या सोमवार आहे. खिळे मीच आणून ठेवले आहेत. हातोडी मात्र त्यांच्याकडे आहे, आणि ती माझीच आहे.